ऐनाचं पान कोण खातं?

ऐन, अर्जुन, किंजळ, बेहडा, हिरडा, धावडा. महाराष्ट्रातल्या पानगळी जंगलात नवख्या माणसाला घेऊन गेलं, तर पहिल्या तासाभरात यांतल्या तीन-चार झाडांची ओळख करून द्यावीच लागते. ही सगळी झाडं एकाच कुळातली, हिरड्याच्या कुळातली. वनस्पतिशास्त्रात त्याला कॉम्ब्रेटेसी म्हणतात आणि जगभरात त्याच्या सुमारे पाचशे जाती आहेत. वर सांगितलेल्या वृक्षांशिवाय उक्षी आणि पिळुकी या वेली, सोसायटीच्या आवारातला देशी बदाम आणि कुंपणावर चढणारी लाल-पांढऱ्या फुलांची रंगूनवेल हीसुद्धा याच घरातली. गोव्याने राज्यवृक्ष म्हणून मान दिलेला मट्टी म्हणजे आपला ऐनच.

या कुळाने माणसाला काय काय दिलं, हे सांगायला वेगळं पुस्तक लागेल. हिरडा वैद्यांना लागला आणि चामडं कमावणाऱ्यांनाही. अर्जुनाची साल हृदयविकारावर दिली गेली, धावड्याचा डिंक बाळंतिणीच्या लाडवांत पडला, ऐन-किंजळाने कोकणातल्या घरांना वासे दिले आणि त्यांच्याच टहाळाने भाताचा राब भाजला. या झाडांची पानं कोण खातं, हे मात्र क्वचित कोणी विचारतं. विचारलंच, तर बहुधा एकच उत्तर येतं: कोसा, म्हणजे टसर रेशमाची अळी. उत्तर बरोबर आहे, पण अपुरं आहे. या कुळाच्या पानांवर वाढणाऱ्या फुलपाखरांच्या आणि पतंगांच्या अळ्यांविषयी गेल्या दोनशे-सव्वादोनशे वर्षांत काय काय कळलं, त्याचा हा आढावा. तो घेताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा जाणवते. जिच्यापासून पैसा मिळतो त्या एका अळीवर ग्रंथ लिहिले गेले, आणि तिच्या शेजारच्या फांदीवरच्या अळ्यांची नोंद एका ओळीत संपली. जंगलाकडे पाहण्याच्या आपल्या सवयीतही हाच असमतोल उतरला आहे.

या नोंदी कुठून आल्या, ते आधी पाहू. टसरचा पतंग शास्त्रीय नावानिशी नोंदवला तो ड्रूरीने, १७७३ साली. तो काय खातो, कोष कसा करतो याचं तपशीलवार वर्णन विल्यम रॉक्सबर्गने केलं. ते लंडनच्या लिनियन सोसायटीच्या नियतकालिकात १८०४ साली छापलं गेलं, आणि त्यात बोर आणि ऐन ही दोन्ही खाद्यझाडं आहेत. पुढचं मोठं काम आपल्या शेजारी, कारवारला झालं. डेव्हिडसन हा कलेक्टर, एटकिन हा मीठ-जकात खात्यातला अधिकारी आणि बेल हा वनाधिकारी. या तिघांनी उत्तर कानडा जिल्ह्यातल्या फुलपाखरांच्या अळ्या जंगलातून आणून घरी वाढवल्या आणि १८९६ पासून बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या नियतकालिकात त्यांची वर्णनं प्रसिद्ध केली. आज सह्याद्रीतल्या फुलपाखरांच्या खाद्यवनस्पतींची कोणतीही यादी उघडा, तिच्या मुळाशी या तिघांच्या नोंदी असतात. जंगलातल्या पतंगांची बाजू बीसनने १९४१ साली देहरादूनहून प्रसिद्ध केलेल्या वनकीटकांवरच्या ग्रंथात मांडली. रॉबिन्सन आणि सहकाऱ्यांनी २००१ साली पौर्वात्य प्रदेशातल्या अळ्यांच्या खाद्यवनस्पतींची जंत्री छापली. २०१८ साली पश्चिम घाटातल्या फुलपाखरांची सविस्तर यादी आली. घाटातल्या ३३६ जातींपैकी ३२० जातींची खाद्यझाडं तिच्यात दिली आहेत.

म्हणजे फुलपाखरांची बाजू बऱ्यापैकी भरलेली आहे. पतंगांची तशी नाही. भारतात फुलपाखरांच्या जाती चौदाशेच्या आसपास आणि पतंगांच्या दहा हजारांहून अधिक. पतंग रात्री उडतात, त्यांच्या अळ्या एकमेकींसारख्या दिसतात आणि त्यांच्याकडे लक्ष जातं ते बहुतेक वेळा पिकाचं नुकसान झाल्यावरच. ऐनावरच्या पतंगांच्या बऱ्याच नोंदी त्यामुळे किडींच्या यादीतून आलेल्या आहेत. ज्या अळीने कुणाचं काही बिघडवलं नाही, ती या यादीत शिरलीच नाही.

आता कोसा. विदर्भात टसर हा शब्द सरकारी कागदावर, आणि बोलण्यात कोसा. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या चार जिल्ह्यांत ढिवर समाजातली कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या ही अळी पाळत आली आहेत. पाळत आली म्हणायचं, पण ही अळी तुतीच्या रेशीमकिड्यासारखी घरात, टोपलीत वाढत नाही. अंड्यांतून निघालेल्या अळ्या जंगलातल्या ऐन-अर्जुनावर सोडायच्या, एका झाडाचा पाला संपला की फांदीसकट उचलून दुसऱ्या झाडावर न्यायच्या, आणि कोष होईपर्यंत पाखरांपासून राखायच्या. मध्य भारतातल्या कोसा पाळणाऱ्या समाजांत हे दिवस व्रतासारखे पाळले जातात. मांसाहार वर्ज्य, शुद्धतेचे नियम कडक. अळी झाडावर असते तोवर राखणदाराची झोप उघड्यावर.

पतंग पंख पसरून बसला की जवळजवळ वीतभर भरतो. चारही पंखांवर एकेक गोल, पारदर्शक डोळा. नर बहुधा तांबूस-विटकरी, मादी पिवळसर किंवा करडी. त्याला काम करणारं तोंड नसतं. अळी असताना जे खाल्लं, त्यावरच त्याचं आठ-दहा दिवसांचं आयुष्य चालतं. मादी दीडशे-दोनशे अंडी घालते. अळी चार वेळा कात टाकते. सुरुवातीला मळकट पिवळी, काळ्या डोक्याची असते. मग हिरवी होते, आणि शेवटच्या अवस्थेत दहा सेंटिमीटरच्या पुढे जाते, बोटापेक्षा जाड. तिच्या कुशीवर चांदीसारखे चकचकणारे ठिपके असतात. पानाआड ती बसली की ते पावसाच्या थेंबासारखे दिसतात आणि पाहणारा फसतो.

कोष विणण्याची तिची रीत मुद्दाम थांबून पाहण्यासारखी आहे. आधी ती दोन-तीन पानं तंतूंनी ओढून आडोसा करते. मग लगेच कोषाला हात घालत नाही. डहाळीवर जाते, डहाळीभोवती रेशमाची घट्ट कडी गुंफते, कडीपासून खाली एक चिवट देठ आणते आणि त्या देठाला टांगून कोष विणते. हे कशासाठी, ते फेब्रुवारीत कळतं. ऐनाची पानं गळून जातात, आणि कोष मात्र उघड्या डहाळीला लटकत राहतो, करड्या, कडक अंड्यासारखा. पानाच्या भरवशावर राहिली असती, तर पानाबरोबर ती जमिनीवर आली असती. आतला कोशित जून येईपर्यंत निपचित असतो. हवेत ओल आली, नवी पालवी फुटली की पतंग तोंडातून पाझरणाऱ्या द्रवाने कोषाचं टोक मऊ करून बाहेर पडतो. झाडाचं वेळापत्रक आणि अळीचं वेळापत्रक असं एकमेकांत बसलेलं आहे.

माणसाचा या अळीशी संबंध फार जुना. हडप्पा आणि चन्हुदडो इथल्या दागिन्यांत आणि मण्यांत सापडलेल्या तंतूंचा अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. ते तंतू इसवी सनापूर्वी २४५० ते २००० या काळातले, आणि हडप्पाचे तंतू टसरच्याच, म्हणजे अँथेरिया वंशातल्या पतंगांचे ठरले. आपल्याकडे नेवाशाला सांकलियांच्या उत्खननात ताम्रपाषाणयुगीन मण्यांच्या माळेत रेशमी धागा मिळाला होता. आजच्या काळात याच धाग्याची विदर्भातली करवत काठी साडी भौगोलिक मानांकन मिळवून आहे. करवतीच्या दातांसारखा काठ आणि मधलं अंग टसरचं. आंधळगावसारख्या गावांतल्या कोष्टी मागांवर हा कोसा आजही विणला जातो.

टसरच्या चाळीसहून अधिक स्थानिक वाणांची नोंद आहे. कोषाचा रंग, आकार, वर्षातून किती पिढ्या होतात आणि कुठलं झाड अधिक मानवतं, यावरून ते ओळखतात. बस्तरचा रैली सालावर वाढतो. ‘भंडारा’ नावाचा वाण आपला आहे. व्यापारी उत्पादनात मात्र ‘डाबा’ या एका वाणाचं वजन फार मोठं आहे, कारण त्याचा कोष भरदार. अधिक रेशीम देणारा वाण शेतकऱ्याला हवा असणार, यात त्याचं काही चुकत नाही. पण स्थानिक वाण त्या त्या जंगलाच्या पावसाशी आणि पालवीशी जुळून तयार झालेला असतो. तो गेला तर प्रयोगशाळेतून परत आणता येणार नाही. भंडाऱ्याचा वाण त्याच्या जंगलात टिकवणं हे रेशीम खात्याइतकंच वन खात्याचंही काम आहे.

कोसा पाळणाऱ्याचे शत्रू कोण, याची यादी लांब आहे. कोवळ्या अळीत सोंड खुपसून रस शोषणारा ढेकूण, प्रार्थनाकीटक, गांधीलमाशी, अळीच्या अंगावर अंडी घालणारी उझी माशी, कोषाला भोक पाडून आतल्या कोशितात अंडं ठेवणारी पिवळी परजीवी माशी, पेब्रिनसारखे रोग. आणि या यादीत एक नाव असतंच: झाडावर पानं शिवून घरटी करणाऱ्या तांबड्या विणकर मुंग्या. त्या कोसा अळीला जिवंत ठेवत नाहीत. म्हणून अळ्या सोडण्याआधी झाडावरची मुंग्यांची घरटी काढून टाकतात.

आता तेच झाड, त्याच मुंग्या, आणि दुसरी अळी.

ऐनाचं पान उलटं करून देठाजवळ पाहिलं, तर मध्यशिरेच्या दोन्ही बाजूंना बारीक, देठ असलेल्या गाठी दिसतात. त्या मधुग्रंथी. फुलाशी त्यांचा संबंध नाही. त्यांतून गोड रस पाझरतो आणि त्यावर मुंग्या येतात. मुंग्या आल्या की पान खाणाऱ्या बऱ्याच किड्यांना झाड बंद होतं. झाडाने गोडवा द्यावा आणि मुंग्यांनी राखण करावी, असा हा व्यवहार. या राखणीतूनही वाट काढणारी काही फुलपाखरं आहेत, आणि ती सगळी निळ्या कुळातली.

लार्ज ओकब्लू हे त्यांतलं ठळक. नराचे पंख वरून झळाळत्या निळ्या रंगाचे आणि मिटले की वाळक्या पानासारखे तपकिरी. त्याची मादी अंडी घालायला विणकर मुंग्या असलेलं झाडच शोधते. ऐन, किंजळ, बदाम, नाहीतर बोंडारा. अळी चपटी. तिच्या पोटाच्या सातव्या खंडावर पाठीच्या मध्यभागी एक फट असते. मुंगीने मिशांनी त्या जागी थोपटलं की फटीतून गोड द्रवाचा थेंब वर येतो आणि मुंगी तो पिऊन टाकते. आठव्या खंडावर दोन बारीक नळ्या असतात. अळी बिथरली की त्या झटकन बाहेर येतात, आणि आजूबाजूच्या मुंग्या खवळून धावत सुटतात. शत्रू म्हणून आलेल्या परजीवी माशीला या गर्दीत उतरणं कठीण. अळी पान खाते, मुंगी तिला राखते, आणि झाडाने ठेवलेले पहारेकरीच चोराला सांभाळतात. रेडस्पॉट हे याच कुळातलं दुसरं फुलपाखरू. त्याच्या अळ्याही विणकर मुंग्यांच्या संगतीत वाढतात आणि त्यांच्या खाद्यझाडांत ऐनाची भावंडं आहेत.

म्हणजे कोशासाठी ज्या मुंग्या काढाव्या लागतात, त्या गेल्या की ओकब्लू आणि रेडस्पॉटही जातात. याचा अर्थ कोसा पाळू नये असा मुळीच नाही. कोसा जंगलातल्या थोड्या झाडांवर, वर्षातले काही महिने असतो. बाकीचं जंगल मुंग्यांचं असतं. प्रश्न येतो तो सगळं जंगल एकाच कामाला लावायचं ठरलं की.

तिसरी तऱ्हा ब्राऊन ऑल या फुलपाखराची. लांबट पंखांचं, मातकट रंगाचं, अतिशय वेगाने उडणारं हे फुलपाखरू दिसायला साधं आहे, त्यामुळे त्याच्या वाट्याला छायाचित्रं कमी येतात. बेहडा आणि पिळुकीसारख्या वेली ही त्याच्या अळीची मुख्य झाडं. पिवळ्या अंगावर काळे आडवे पट्टे असलेली ही अळी पान दुमडून, कडा तंतूंनी शिवून आत राहते आणि खाण्यापुरती बाहेर येते. कोवळ्या पालवीवर तिची भिस्त. पालवी जून झाली की पुढच्या पिढीला इथे खायला उरत नाही, आणि फुलपाखरं उठून दुसरीकडे जातात. सह्याद्रीत पावसाळ्याच्या आगेमागे त्यांचे थवे एकाच दिशेने जाताना दिसतात. ऑस्ट्रेलियात हीच जात तिथल्या टर्मिनेलिया झाडांवर वाढते आणि तिथेही ती स्थलांतर करणारी म्हणूनच ओळखली जाते. इतक्या मोठ्या पट्ट्यात पसरलेलं फुलपाखरू, आणि त्याची अळी बांधलेली मुख्यतः एका कुळाच्या कोवळ्या पानांशी. रस्तारुंदीत एखादा जुना बेहडा गेला की प्रवासातला एक मुक्काम जातो.

यानंतर सर्वभक्षी मंडळी. यांची ओळख थोडक्यात पुरते, कारण त्या या कुळाच्या खास नव्हेत. ट्रॅबाला विष्णू हा पोपटी पतंग. त्याचा सुरवंट डाळिंब, एरंड, जांभूळ आणि बदाम-अर्जुन यांवर सारखाच दिसतो. मादी अंडी दोन ओळींत घालून त्यांवर आपले केस अशा रीतीने चिकटवते की अंड्यांची रांग दुरून सुरवंटच वाटावी. सुरवंटाचे केस कातडीला लागले की आग होते. हिरवी, काटेरी, गोगलगायीसारखी सरकणारी पॅरासा लेपिडाची अळी बदामावर आणि नारळावर मिळते. २०२२ साली घोणस अळी म्हणून ज्या काटेरी अळीची उसाच्या शेतांतून घबराट पसरली होती, तीही याच लिमाकोडिडी कुळातली. काट्यांनी वेदना होतात हे खरं, पण त्या वेळी तिच्याविषयी जे विषारीपणाचे किस्से फिरले, त्यांत अतिशयोक्तीच फार होती.

सर्वांत लहान अळी शहरातही पाहता येते. बदामाच्या किंवा अर्जुनाच्या पानावर कधी कधी फिकट, फुगल्यासारखे डाग असतात. पान उजेडासमोर धरलं, तर डागाच्या आत बारीक काळी लेंडकं आणि एखादी चपटी अळी दिसते. ही अ‍ॅक्रोसेरॉप्स टर्मिनॅलिए. स्टेनटनने १८६२ साली तिला नाव दिलं. ती पानाच्या वरच्या पापुद्र्याखाली राहून मधला गर खाते. कागदाइतकं पातळ पान, आणि त्याच्या दोन पापुद्र्यांमध्ये एका जिवाचं सगळं बालपण.

आता मूळ प्रश्नाची अवघड बाजू. हिरड्याच्या कुळाची पानं टॅनिनने भरलेली असतात. याच टॅनिनमुळे कातडं कमावलं जातं, कारण ते प्रथिनांना घट्ट बांधून टाकतं. अळीच्या पोटातही ते हेच करणार. पानातलं प्रथिन बांधलं गेलं, तर अळीला पान पचणार कसं? या प्रश्नावरचा गाजलेला अभ्यास इंग्लंडातल्या वायथम वुड्समधला. पॉल फीनीने १९७० साली दाखवलं की ओकच्या पानात उन्हाळ्याबरोबर टॅनिन वाढत जातं, पान कडक होतं, आणि विंटर मॉथच्या अळ्या वसंतातल्या कोवळ्या पानांवरच आपलं खाणं उरकून घेतात. आपल्याकडची गोष्टही बरीचशी तशीच आहे. पहिल्या पावसाबरोबर अळ्यांची झुंबड का उडते, याचं मोठं कारण कोवळं पान हे आहे. दुसरं कारण अळ्यांच्या पोटात. फुलपाखरं-पतंगांच्या अळ्यांचं मधलं आतडं तीव्र अल्कधर्मी असतं, आणि अशा माध्यमात टॅनिनची प्रथिनांवरची पकड सैल पडते. कोसा पाळणारे हे शास्त्राच्या आधीपासून जाणतात. लहान अळ्यांना कोवळ्या फुटव्याचं झाड आणि मोठ्या अळ्यांना जून पानांचं, अशीच झाडांची निवड केली जाते. राबासाठी छाटलेल्या ऐनाला पावसाच्या तोंडावर जो लुसलुशीत फुटवा येतो, तोही अळ्यांच्या पथ्यावर पडतो.

खाद्यझाडांवरून आणखी एक गोष्ट दिसते. धावडा पूर्वी अ‍ॅनोजायसस या वेगळ्या वंशात होता. २०१७ साली वनस्पतिशास्त्रज्ञांनी जनुकीय पुराव्यावरून त्याला ऐन-अर्जुनाच्या टर्मिनेलिया वंशात आणलं. कोसा अळी धावडा फार पूर्वीपासून खाते. अर्थात ती बोर आणि साल ही परक्या कुळातली झाडंही खाते, म्हणून अळीच्या आवडीवरून झाडांची नाती ठरवता येत नाहीत. पण पानाच्या रसायनात साम्य कुठे शोधावं, याची दिशा अळ्यांच्या यादीतून मिळते.

झाडाचं यात किती नुकसान होतं? नुकसान होतंच, नाही म्हणण्यात अर्थ नाही. याचं सर्वांत नीट मोजमाप सागावर झालं आहे. सागाची पानं फस्त करणारी हिब्लिया प्युएरा ही अळी पावसाच्या सुरुवातीला येऊन लागवडीच्या लागवडी निष्पर्ण करते. मागाहून युटेक्टोना ही अळी येऊन पानाची जाळी करते. केरळच्या वन संशोधन संस्थेने निलांबूरला केलेल्या प्रयोगात हिब्लियामुळे लाकडाच्या वाढीत ४४ टक्के तूट दिसली. हा आकडा मोठा आहे. पण तो एकाच झाडाच्या सलग लागवडीतला आहे, हे विसरू नये. ऐन, धावडा, बेहडा, तेंदू, मोह, साग असं मिसळलेलं जंगल असलं की एका अळीला सलग पान मिळत नाही, आणि तिला खाणारे पक्षी, माश्या, ढेकूण वर्षभर कुठल्या ना कुठल्या अळीवर टिकून राहतात. पावशा आणि चातक हे केसाळ सुरवंटही खाणारे पक्षी. शेतकऱ्याला पेरणीची आठवण करून देणारी पावशाची हाक नेमकी अळ्यांच्या हंगामात येते. महाराष्ट्र वनविकास महामंडळ १९७४ साली स्थापन झालं आणि मिश्र जंगल तोडून सागाची लागवड करण्याचं धोरण विदर्भात मोठ्या क्षेत्रावर राबवलं गेलं. त्या वेळी लाकडाचा हिशेब मांडला गेला. तोडलेल्या ऐन-बेहड्यावर कोण जगत होतं, हा रकानाच त्या हिशेबात नव्हता. माझ्या मते ते धोरण चुकीचं होतं, आणि त्याची किंमत सर्वांत आधी ढिवरांना मोजावी लागली.

कायद्याने मात्र कोसा अळीला जागा दिली आहे. २००६ च्या वनहक्क कायद्यात गौण वनोपजाची व्याख्या आहे, आणि बांबू, मध, लाख, तेंदूपान यांच्याबरोबर टसर आणि कोष यांची नावं तिच्यात स्पष्ट लिहिलेली आहेत. म्हणजे सामूहिक वनहक्क मिळालेल्या ग्रामसभेला कोशावर मालकी आहे. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाने २००९ साली असे हक्क मिळवून वाट दाखवली. त्या जिल्ह्यात आज अनेक ग्रामसभांकडे जंगल आहे. बांबू आणि तेंदू यांचे लिलाव त्या आत्मविश्वासाने करतात. ऐनाचं जंगल कोशासाठी आणि इतर अळ्यांसाठी राखून ठेवण्याचा निर्णयही त्यांच्याच हातात आहे.

कोशाच्या पुढच्या प्रवासात एक दुखरी जागा होती. उकडलेल्या कोशातून निघणारे तंतू बायका उघड्या मांडीवर वळून धागा करत. दिवसभर हेच काम, आणि कातडी सोलवटून जायची. केंद्रीय रेशीम मंडळाने ‘बुनियाद’ नावाचं साधं यंत्र काढलं ते ही पद्धत बंद व्हावी म्हणून. साडी घेताना धागा मांडीवर वळलेला की यंत्रावर, हे दुकानदाराला विचारावं. हातमागाची ओढ असलेल्या गिऱ्हाइकाने हा एक प्रश्न विचारायला सुरुवात केली तर त्या बायकांचं भलं होईल.

शेवटी वाचकाला दोन विनंत्या. देवराईत, शाळेच्या आवारात किंवा रस्त्याकडेला झाडं लावणार असाल, तर गुलमोहर आणि सप्तपर्णीऐवजी ऐन, किंजळ, बेहडा, अर्जुन यांचा विचार करा. आणि ती वाढल्यावर पानांना भोकं पडली म्हणून फवारणी करू नका. दुसरी विनंती अशी की या झाडांवर अळी दिसली तर तिचा फोटो काढताना झाडाचाही फोटो काढा, आणि जागा व तारीख लिहून ठेवा. झाडाच्या नावाशिवाय अळीचा फोटो अभ्यासाला अर्धाच उपयोगी पडतो. कारवारच्या त्या तिघांनी वही आणि पेन्सिल घेऊन हेच केलं होतं. पतंगांच्या बाबतीत ते काम अजून बरंच बाकी आहे.